एक दिन खाली

रात्री जेवणं झाली, टेबल पुसून घेतलं आणि भाची आणि मी फॉर्म भरायला बसलो. उत्तराखंडातल्या केदारताल या तलावाच्या ट्रेकला नेणाऱ्या मंडळींनी पाठवलेले चार-चार पानी फॉर्म. ती पेनचं टोपण दातात धरून एकेक प्रश्न मोठ्यानं वाचत होती. दमा? नाही. रक्तदाब? नाही. कधी फिट आली आहे का? नाही. मग ती थांबली. "मावशी, पाळीत माझं पोट फार दुखतं, कधी कधी गरगरतं. ते लिहू का? की त्यांना वाटेल उगाच कुरकुर करते ही?" मी बडीशेप चघळत म्हणाले, "लिही ना. सगळं खरं लिहायचं. वर डॉक्टर नसतो, हा कागदच असतो." तिनं मान डोलावली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्याच वेळी मी माझ्या तिसऱ्या पानावर होते. 'यापूर्वी उंचीवर त्रास झाला आहे का?' मी 'नाही'च्या चौकोनात खूण केली आणि पान उलटलं. हात जरासुद्धा थबकला नाही.

भाची झोपायला गेली. मी ओट्यावरची भांडी आवरली, दुधाला विरजण लावलं, दिवा मालवला आणि अंधारात तशीच उभी राहिले.

गेले दोन महिने या घरात एका तलावाचीच चर्चा आहे. फ्रिजवर चुंबकानं लावलेला कागद आहे, त्यावर सात रकाने. माझी रजा किती शिल्लक, तिची परीक्षा कधी संपते, देहरादूनचं विमान स्वस्त कुठल्या वारी, दिवाळीला गंगोत्रीचं मंदिर बंद होतं त्याच्या आत कसं बसवायचं. केदारताल म्हणजे गंगोत्रीपासून जेमतेम १७ किलोमीटर. सिंहगडावर दर रविवारी जाणाऱ्या माणसाला हा आकडा अगदी घरचा वाटतो. पण गंगोत्री आहे साधारण ३,१०० मीटरवर आणि तलाव ४,७५० मीटरवर. कळसूबाई, म्हणजे आपल्या राज्यातला सगळ्यात उंच माथा, १,६४६ मीटरचा. म्हणजे गंगोत्रीच्या बसथांब्यावर उतरतो तेव्हाच आपण कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो, आणि तिथून पुढे आणखी एक अख्खी कळसूबाई चढायची असते. हे मी भाचीला पोळीच्या पिठाचे उंडे एकावर एक ठेवून दाखवलं होतं. ती हसली होती. मग तिनं विचारलं, "मग चार दिवसांत कसं होणार?"

चार दिवस मीच लिहिले होते. पहिल्या दिवशी देहरादूनहून थेट गंगोत्री, दुसऱ्या दिवशी भोजखरक, तिसऱ्या दिवशी केदारखरक, चौथ्या दिवशी तलाव पाहून जमेल तितकं खाली. रजा वाचत होती, शनिवार-रविवार नेमके जुळत होते. हा कागद मी उत्तरकाशीच्या गाईडला फोनवर वाचून दाखवला. तो सगळं ऐकून घेत गेला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली, एक मूल रडत होतं. मग तो म्हणाला, "मॅडम, बीच में एक दिन खाली रखो."

त्याचं 'खाली' म्हणजे रिकामं. माझ्या मराठी कानाला ते 'खालती' असं ऐकू आलं. एक दिवस खाली राहा. फोन ठेवल्यावर मला वाटलं, दोन्ही अर्थांनी त्याचं बरोबरच होतं. खालच्या उंचीवर काढायचा एक रिकामा दिवस. त्या दिवशी काही गाठायचं नाही. सकाळी तासभर वर चढून यायचं, दुपारी भरपूर पाणी प्यायचं, भागीरथीच्या काठी बसायचं आणि शरीराला त्याचं काम करू द्यायचं. आपण नुसते बसलेलो असतो तेव्हा आत श्वास खोल होत असतो, मूत्रपिंडं रक्ताचा तोल सांभाळत असतात. गोष्ट साधी आहे. हवेत प्राणवायूचं प्रमाण सगळीकडे तेच, सुमारे २१ टक्के; पण ४,७५० मीटरवर हवेचा दाबच समुद्रकाठच्या ५५ टक्क्यांच्या आसपास उरतो. घास तोच, ताट अर्धं. तीन हजार मीटरच्या वर रोज मुक्कामाची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डॉक्टर सांगतात. गंगोत्री ते भोजखरक हीच पहिली उडी साडेसहाशे मीटरच्या पुढे जाते. हे मला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

कारण मी त्या वाटेवर एकदा गेलेले आहे.

२०११ चा ऑक्टोबर. कोजागिरी नुकतीच झाली होती आणि आम्ही पाच जण पुण्याहून निघालो होतो. चार पुरुष आणि मी. मी तेव्हा ३२ वर्षांची. आमचे म्होरके होते अण्णा. वयानं आम्हा सगळ्यांपेक्षा मोठे, तरुणपणी उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत २८ दिवसांचा कोर्स केलेले, बोलायला कमी. धरालीला आम्ही चहाला थांबलो होतो. दुकानदारानं आग्रहानं सफरचंदाच्या फोडी दिल्या होत्या, थंडीनं दातांना कळ लागेल अशा गार. ५ ऑगस्ट २०२५ ला खीरगाड ओढ्याचा लोंढा धरालीवर आला, त्याचे व्हिडिओ पाहताना मी ते दुकान शोधत होते. शोधायला तिथे काही उरलंच नव्हतं. या वेळी त्याच रस्त्यानं जायचं आहे आणि तिथून गाडी जाताना मी कुठे पाहीन हे मला अजून कळत नाही.

गंगोत्रीला केदारगंगा भागीरथीला मिळते. वाट तिच्याच घळीच्या कडेनं वर निघते आणि पहिल्या पावलापासून चढच. देवदाराच्या सावलीत राळेचा वास, पायाखाली ओलसर पानांचा थर. मग देवदार मागे पडतात आणि भूर्जाची झाडं लागतात, सालीचे कागदासारखे पदर वाऱ्यावर फडफडत असलेली. भोजखरकचं नाव त्यांच्यावरूनच. मी सगळ्यांत पुढे होते. पुढेच राहायचं असं मी पुण्यातच ठरवलं होतं. निघायच्या आधी कुणीतरी सहज म्हणालं होतं, "बाईमाणूस बरोबर आहे, जरा दमानं घेऊ." वाईट हेतू नव्हता. पण ते वाक्य मी रकसॅकमध्ये भरून घेतलं होतं आणि ते इतर सामानापेक्षा जड होतं.

भोजखरकला पोचेपर्यंत डोकं दुखायला लागलं होतं. कपाळाच्या मागे, आतून बाहेर ढकलणारं. मी बोलले नाही. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं. आपल्याकडे घोटा मुरगळला तरी पट्टी बांधून 'चालतंय' म्हणायचं असतं. मे महिन्याच्या उन्हात पाणी संपलं तर पुढच्या टाक्यापर्यंत जीभ टाळूला चिकटवून चालायचं असतं, आणि संध्याकाळी गुहेत पिठलं रटरटत असताना त्याची गोष्ट सांगायची असते. सोसणं ही आमची पहिली बाराखडी होती. सह्याद्रीत ते बहुतेक वेळा निभावतं, कारण तिथे दुखणं आणि धोका या दोन गोष्टी साधारण हातात हात घालून चालतात. जिथे दुखतं तिथेच बिघडलेलं असतं आणि ते दिसतं. उंचीवर साधी डोकेदुखी ही आत चाललेल्या कशाची तरी पहिली आणि कधी कधी शेवटची वर्दी असते.

पुढचा दिवस केदारखरकचा. मध्ये दगड कोसळणारा टप्पा आहे, तिथे थांबायचं नसतं, वर पाहत एकेकानं धावत पार करायचं असतं. मी धावले. पलीकडे पोचल्यावर डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचत होते. दूरच्या उतारावर भरलांचा, म्हणजे तिथल्या रानमेंढ्यांचा, कळप होता, सगळे बोटं दाखवत होते, मीही "हो हो, दिसले" म्हणाले. मला काही दिसलं नव्हतं. रात्री खिचडीचा वास सोसेना. सगळे झोपल्यावर तंबूच्या बाहेर जाऊन ओकले आणि बुटाच्या टाचेनं त्यावर माती-बर्फ लोटला. चांदण्यात समोर थलय सागर उभा होता, ६,९०४ मीटर, शेजारी भृगुपंथ. इतकं सुंदर काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि मी ते पाहत, तोंड पुसत, पुरावा लपवत उभी होते.

सकाळी बुटाची नाडी बांधता येईना. गाठ कशी मारतात तेच हाताला आठवेना. मी मान खाली घालून खटपट करत राहिले. अण्णा समोर येऊन उकिडवे बसले, माझी नाडी बांधली आणि हळूच म्हणाले, "जरा इकडे ये." तंबूंच्या मागे नेऊन त्यांनी मला एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. चौथ्या पावलाला मी कलंडले. त्यांनी दंडाला धरलं. तलाव तिथून अर्ध्या दिवसाचाही नव्हता.

मग ते परत गेले आणि इतरांना म्हणाले, "माझा गुडघा रात्रीपासून बोलतोय. मी उतरतो. हिला सोबतीला नेतो, एकट्यानं उतरणं बरं नव्हे. तुम्ही जाऊन या."

मी तिथेच उभी होते. ऐकत होते.

चारशे-पाचशे मीटर उतरलो आणि डोक्यावरचा पट्टा कुणीतरी सैल केल्यासारखं झालं. भोजखरकच्या खाली मी चक्क भूक लागली म्हणाले. अण्णांनी खिशातून आलेपाकाची वडी काढून दिली. संध्याकाळी गंगोत्रीत आरती चालू होती, नदीचा आवाज आणि घंटा एकमेकांत मिसळलेल्या. मी म्हणाले, "अण्णा, तुमचा तलाव राहिला." ते म्हणाले, "तलाव कुठे जातोय? परत येऊ." दुसऱ्या दिवशी बाकीचे तिघं आले, कॅमेऱ्यात तलाव घेऊन. हिरवट, दुधाळ, कडेला गोठायला लागलेला, आत थलय सागर उलटा. ते पाणी तसं दिसतं कारण हिमनदी सरकताना खालचा खडक दळून काढते आणि ते दगडाचं पीठ पाण्यात तरंगत राहतं. हे तेव्हा अण्णांनीच सांगितलं, दुसऱ्याच्या कॅमेऱ्याचा छोटा पडदा डोळ्यांजवळ धरून.

त्यानंतर आमच्या प्रत्येक कोजागिरीला मसाला दूध आणि 'अण्णांचा गुडघा' ठरलेला. "अण्णा, गुडघा काय म्हणतोय?" असं कुणीतरी विचारायचं आणि सगळे हसायचे. अण्णाही हसायचे. त्यांनी कधी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. सुरुवातीला वाटायचं, बरं झालं, कुणी 'बाईमाणूस' म्हटलं नाही. मग काही वर्षं वाटायचं, आता काय बोलायचं, इतके दिवस झाले. आणि मग, हे मला त्या रात्री अंधारात उभं राहून कळलं, मग मी ते खरंच विसरले. म्हणजे आठवण होती, पण ती 'अण्णांचा गुडघा' या नावाच्या फाइलमध्ये होती. माझ्या त्रासाची फाइल रिकामी. म्हणून हात थबकला नाही.

या ट्रेकच्या निमित्तानं मी बरंच वाचलं. उंचीच्या आजारावरचं एक मोठं काम आपल्याच सैन्यातलं आहे. १९६२ च्या युद्धानं जवानांना घाईघाईनं उंचावर न्यायला लावलं आणि धडधाकट, तरुण मुलं हवेनंच आजारी पडली. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. किती जोर काढता, किती वेगानं पळता, यावर हा आजार ठरत नाही. किती वेगानं वर जाता, त्यावर बरंच ठरतं. आणखी एक गोष्ट वाचली आणि पुस्तक मिटून ठेवलं. हा आजार मोजायची जी पद्धत आज जगभर वापरतात, तिला 'लेक लुईझ स्कोअर' म्हणतात. कॅनडातल्या ज्या तलावाकाठी जमून १९९१ साली तज्ज्ञांनी ती ठरवली, त्याचंच नाव. तोही हिमनदीच्याच पाण्याचा तलाव, तसाच दुधाळ. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. आणि ते गुण द्यायचे कुणी? ज्याला होतंय त्यानं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असतं, पण आकडा बरा दिसला म्हणून माणूस बरा असं त्यावरून म्हणता येत नाही. शेवटी कुणीतरी विचारायचं, "डोकं दुखतंय का?" आणि समोरच्यानं खरं सांगायचं. एवढ्या विज्ञानानंतर सगळा डोलारा एका माणसाच्या शब्दावर उभा आहे. माझ्या त्या चौकोनातल्या खुणेवर उभा आहे. त्या खुणेवरून कुणी तरी ठरवणार की हिला चार दिवस पुरतील, आणि त्याच दोराला माझी भाची बांधलेली असणार.

आणि तलाव कुठे जातोय, हे तरी खरं होतं का? केदारनाथच्या वर चोराबाडी ताल होता. १९४८ साली गांधीजींच्या अस्थी तिथे विसर्जित झाल्या म्हणून गांधी सरोवरही म्हणायचे. जून २०१३ मध्ये त्याचा हिमोढाचा, म्हणजे हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडमातीचा, बांध फुटला, तलाव रिकामा झाला आणि खाली जे झालं ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमचा दक्षिण ल्होनाक फुटला आणि तीस्तेवरचं चुंगथांगचं धरण वाहून गेलं. हिमनदी मागे हटताना जी दगडमाती सोडून जाते, तिच्याच ओंजळीत यातले कितीतरी तलाव साठलेले असतात. ती सुटी, कच्ची ओंजळ. आपण त्यांना पुराणकाळापासूनचे मानतो. केदारतालबद्दलही सांगतात की हलाहल प्यायल्यावर शंकरानं इथल्या पाण्यानं घसा निववला. मला ती कथा फार आवडते, इतकं जळजळीत काही घशात धरून ठेवल्यावर पाण्यापाशी येण्याची. पण तलाव वाट पाहत थांबलेले नसतात. आणि माणसंही. दोन वर्षांपूर्वी अण्णांना दोन स्टेंट बसवले. डॉक्टरांनी उंचीला साफ नाही म्हटलं आहे. ते आता एकसष्ठ वर्षांचे आहेत. सिंहगडाच्या पायथ्याशी बसून आम्ही उतरण्याची वाट पाहतात, दह्याची मडकी समोर मांडून.

सकाळी भाची उठायच्या आत मी फ्रिजवरचा कागद काढला. उत्तरकाशीला एक मुक्काम, तिथली उंची ११५८ मीटर. हर्सिलला एक मुक्काम, २,६०० च्या आसपास. मग गंगोत्री, आणि गंगोत्रीचा दुसरा दिवस: रकाना आखला आणि मोकळा सोडला. मग भोजखरक, केदारखरक, तलाव. चारचे सात झाले. बँकेत रजेसाठी साहेबांशी पुन्हा बोलावं लागेल, शिवाय दिवाळीचा फराळ यंदा बहुतेक विकतचा. थर्मास, लोकरी मोजे, सुंठ, मेतकूट, उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्सबद्दल डॉक्टरांना विचारणं. ती गोळी घेतली की बोटांना मुंग्या येतात म्हणे, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं लागतं. यादी वाढत गेली. फॉर्म मात्र टेबलावर तसाच होता.

अकरा वाजता अण्णांना फोन केला. वहिनींनी उचलला, मग ते आले. प्लॅन सांगितला. ते मध्ये बोलले नाहीत. "मधला दिवस ठेवलायस?" एवढंच विचारलं. म्हणाले, "भोजखरकच्या आधी उजवीकडे पाणी मिळतं, तिथे भरून घ्या." पंधरा वर्षांनी त्यांना पाण्याची जागा आठवत होती.

मी म्हणाले, "अण्णा, फॉर्ममध्ये विचारलंय, आधी त्रास झाला होता का. मी 'हो' लिहिणार आहे. आणि काय झालं होतं ते सगळं. कोजागिरीला सगळ्यांनाही सांगणार आहे."

पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. रस्त्यावरून भाजीवाल्याची आरोळी गेली, ती त्यांच्या फोनमधून मला ऐकू आली.

"बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "अगं, मी कुठला गुडघा म्हणालो होतो गं?"

"डावा," मी म्हणाले.

"डावा होय," अण्णा म्हणाले. "मी इतकी वर्षं उजवा चोळायचो."